कळतं, पण वळत नाही: आहार बदलायला मदत करताना बोलायचं काय, ऐकायचं काय

नेहमी दिसणारं एक दृश्य घेऊ. मधुमेहाची ओपीडी, बाहेर बाकांवर गर्दी. आत ५४ वर्षांचे किराणा दुकानदार काका. रिपोर्टवर एचबीएवनसी ८.९, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी बरीच वर. बहुतेक रुग्णांसाठी डॉक्टर हा आकडा ७ च्या आत ठेवायचं बघतात. समोरच्या ताई भराभर सांगतात :

“काका, गोड एकदम बंद. भात बंद, बटाटा बंद, केळं-चिकू-आंबा बंद. सकाळी ओट्स, रात्री सूप आणि सॅलड. रोज पाऊण तास चालायचं. हा तक्ता घ्या, घरी दाखवा.”

“हो ताई.”

तीन महिन्यांनी काका परत येतात. आकडा ९.१. केसपेपरवर शेरा पडतो : ‘पथ्य पाळत नाहीत’.

काका मात्र शपथेवर सांगतात, गोड बंद केलंय. आणि ते खरंच सांगताहेत. आपल्या बोलण्यात ‘गोड’ म्हणजे श्रीखंड, जिलबी, लाडू, पुरणपोळी. चहा गोडात मोडत नाही, चहा हा चहा असतो. काकांचे दुकानात दिवसाला पाच चहा होतात, प्रत्येकात दोन चमचे साखर. लहान चमच्यात साधारण ४ ते ५ ग्रॅम धरली तर रोजची ४० ते ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, आणि ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर आणखी चांगलं. म्हणजे काकांचा दुपारपर्यंतचा चहाच ती मर्यादा गाठतो. पहिल्या भेटीत काका दोनच शब्द बोलले, त्यामुळे हे कुणाला कळलंच नाही.

आहार समुपदेशनातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे. आपण धरून चालतो की समोरच्याला माहिती कमी आहे, ती ओतली की काम झालं. प्रत्यक्षात मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाला काय खाऊ नये याची यादी बहुतेक वेळा आपल्याआधीच पाठ असते. शेजारी, भाऊजी, व्हॉट्सॲप, सगळ्यांनी ती ऐकवलेली असते. मराठीत या अवस्थेला फार नेमकं नाव आहे : कळतं, पण वळत नाही. समुपदेशकाचं काम त्या ‘पण’पासून सुरू होतं. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या माणसांना पुरे पडतील इतके आहारतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत. हे बोलणं आशाताई, परिचारिका, फार्मासिस्ट, फॅमिली डॉक्टर आणि घरची माणसं यांनाच करावं लागतं. म्हणून ते कसं करायचं हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

माणूस उलट का फिरतो

बदलायचं की नाही, याबद्दल माणसाच्या मनात एकाच वेळी दोन बाजू असतात. ‘पायाला मुंग्या येतात, आता काहीतरी केलं पाहिजे’ ही एक. ‘आयुष्यात एवढाच तर आनंद उरलाय’ ही दुसरी. दोन्ही खऱ्या. आपण जोर लावून पहिली बाजू मांडली की त्याच्याकडे बोलायला दुसरीच उरते. “भात सोडा” म्हटलं की तो सांगणार, “आमच्याकडे भाताशिवाय जेवण होत नाही.” आपण आणखी पटवतो, तो आणखी कारणं देतो. माणूस स्वतःच्या तोंडून जे पुनःपुन्हा ऐकतो त्यावर त्याचा विश्वास बसत जातो. म्हणजे आपण वाद घालून त्याच्याकडून ‘का जमणार नाही’ याचाच सराव करून घेत असतो. शिवाय कुणी मुभा काढून घेतोय असं वाटलं की तीच गोष्ट अधिक हवीशी वाटते. जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये हा स्वभाव सिद्धान्ताच्या रूपात मांडला. वाढत्या मुलांच्या आयांना तो त्याआधीपासून ठाऊक आहे.

विल्यम मिलर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतल्या बर्गन शहरात होते. दारू सोडू पाहणाऱ्यांशी कसं बोलायचं हे ते तिथल्या तरुण मानसशास्त्रज्ञांना करून दाखवत. ते तरुण त्यांना मध्येच थांबवून विचारत : हाच प्रश्न का विचारलात? इथे गप्प का राहिलात? उत्तरं देता देता मिलर यांना स्वतःची पद्धत शब्दांत सापडली आणि १९८३ मध्ये त्यांनी ती लिहून काढली. पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत ती वाढत गेली. मराठीत तिला प्रेरक संवाद म्हणता येईल. गाभा एका वाक्यात मावतो : बदलाची कारणं आणि बदलाचा मार्ग समोरच्याच्या तोंडून यायला हवा, आणि तो तसा येईल असं बोलणं हे आपलं कौशल्य.

सगळेच लोक एका टप्प्यावर नसतात, हेही ध्यानात ठेवायचं. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी धूम्रपान सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून हे टप्पे मांडले : अजून विचारच नाही, विचार चाललाय, तयारी झालीय, करतोय, टिकवतोय. जो अजून विचारही करत नाही त्याला पाककृती देणं वाया जातं. जो तयार आहे त्याला आजाराचे धोके ऐकवत बसणं, तेही वायाच.

तेच काका, दुसऱ्या पद्धतीने

“काका, कालचा दिवस सांगता का मला? सकाळी उठल्यापासून पोटात काय काय गेलं, अगदी चहापाण्यासकट.”

“उठलो की चहा. मग दुकान उघडलं की एक. मग काय, येणारा-जाणारा असतोच.”

“दुकानात चहा बराच होतो.”

“होतो म्हणजे, एजंट आला, ओळखीचं गिऱ्हाईक आलं, की सांगावा लागतो. त्याला द्यायचा आणि आपण नाही घ्यायचा, बरं दिसत नाही ते.”

“म्हणजे चहाची तलफ कमी, माणसं सांभाळायची म्हणून जास्त.”

“अगदी. मला तेवढा लागतही नाही खरं तर. आणि वडिलांचा पाय काढावा लागला होता शुगरमुळे, ते डोक्यात असतंच.”

“ते डोळ्यांनी पाहिलंय. तशी वेळ स्वतःवर येऊ द्यायची नाहीये.”

“नाहीच येऊ द्यायची.” काका थोडे थांबतात. “कटिंग घेता येईल. नाहीतर साखर कमी सांगितली तर तो टपरीवाला देतो. बिनसाखरेचा मात्र माझ्याच्यानं पिववणार नाही.”

दीड-दोन मिनिटांचं बोलणं. त्यात ताईंनी प्रश्न एकच विचारला. पुढची त्यांची तिन्ही वाक्यं विधानं आहेत. काका जे म्हणाले त्याचा अर्थ त्यांनी थोडा पुढे नेऊन परत मांडला. या पद्धतीचं सगळ्यात कामाचं हत्यार हेच आणि शिकायला सगळ्यात अवघडही हेच. “दुकानात चहा बराच होतो” हे वाक्य आवाज शेवटी खाली आणून म्हणायचं. तोच आवाज वर गेला, “बराच होतो?” असं झालं, की माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि सफाई देऊ लागतो. सराव करणाऱ्यांनी स्वतःचं बोलणं परवानगीने रेकॉर्ड करून हा एक सूर तपासावा. एका प्रश्नामागे निदान दोन वेळा परत मांडणं, असं प्रमाण डोळ्यांसमोर ठेवलं तर पोलिसी चौकशीचा वास जातो. अंदाज चुकला तरी बिघडत नाही. “तसं नाही हो, असं आहे” म्हणत माणूस स्वतःच दुरुस्त करतो आणि दोन गोष्टी जास्त सांगतो.

बाकीची तीन साधनं लवकर सांगता येतात. मोकळा प्रश्न, म्हणजे ‘हो-नाही’त न संपणारा : “पथ्य पाळता का?” ऐवजी “जेवणात गेल्या महिन्यात काय काय बदललं?” खरी दाद : “छान, छान” नव्हे, तर नेमकी पाहिलेली गोष्ट, “वडाप धरून, रजा टाकून तुम्ही सगळे रिपोर्ट घेऊन आलात.” आणि अधूनमधून गोळाबेरीज : आतापर्यंत ऐकलेलं तीन-चार वाक्यांत बांधून “काही सुटलं का माझ्याकडून?” असं विचारणं.

कान मात्र सतत एका गोष्टीकडे हवा. वरच्या बोलण्यात काका “मला तेवढा लागतही नाही” म्हणाले, वडिलांचा पाय म्हणाले, “कटिंग घेता येईल” म्हणाले. ही बदलाच्या बाजूची भाषा. इच्छा, जमण्याची शक्यता, कारण, गरज, यातलं काहीही तिच्यात असू शकतं. ती ऐकू आली की तिथेच थांबायचं, तीच परत मांडायची, “आणखी सांगा” म्हणायचं. “बरं दिसत नाही”, “पिववणार नाही” ही न बदलण्याच्या बाजूची भाषा. ती खोडायची नाही. मान्य करायची आणि पुढे जायचं.

आपल्या बोलीतले खाचखळगे

मराठीतला ‘पण’ जपून वापरावा. “तुम्ही प्रयत्न छान करताय, पण…” यातलं ऐकणाऱ्याला फक्त ‘पण’नंतरचं ऐकू येतं. तिथे ‘आणि’ घालून पाहा. “का खाल्लंत?” हा प्रश्न व्याकरणाने प्रश्न असला तरी कानाला रागावणं वाटतो. “तेव्हा काय झालं होतं?” विचारलं की प्रसंग कळतो. “एवढं तरी करा” मधल्या ‘तरी’त माणसाची किंमत कमी होते. ‘पथ्य’ हा शब्दही जड आहे. तो आजारपणाचा, तात्पुरता आणि शिक्षेसारखा वाटतो, शिवाय ‘पथ्य संपलं’ असा दिवस येईल हेही त्यात गृहीत असतं. ‘तुमचं रोजचं जेवण’ म्हणावं.

आणि ‘बघू’. मोठ्या माणसाचं “बघू”, “प्रयत्न करतो”, “हो हो ताई” हे बहुधा सभ्य नकार असतात. त्यावर आणखी आग्रह करू नये. “बघू म्हणताय, म्हणजे कुठेतरी अडतंय” एवढंच म्हणून गप्प राहावं. मनात पाच आकडे मोजावेत. त्या पाचात खरी अडचण बाहेर येते : सून वेगळा स्वयंपाक करणार नाही, दात नाहीत म्हणून सॅलड चावत नाही, महिन्याच्या शेवटी भाजीला पैसे उरत नाहीत.

किती खातात, हे काढायचं कसं

खाण्याचा इतिहास घेताना ‘साधारण काय खाता?’ विचारलं की आदर्श उत्तर मिळतं. त्यामुळे कालचे २४ तास विचारायचे, आणि तेही तीन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत माणसाला न थांबवता सांगू द्यायचं. दुसऱ्या फेरीत फटी भरायच्या : चहासोबत काय होतं? दुपारी आणि रात्री यांच्यामध्ये? टीव्हीसमोर? नातवाच्या ताटातलं उरलेलं? बाई असेल तर स्वयंपाक करताना चाखलेलं, संपवायचं म्हणून खाल्लेलं शिळं? तिसऱ्या फेरीत मापं. काल सण, उपास किंवा प्रवास असेल तर परवाचा दिवस घ्यावा. शेवटी एक सुट्टीचा दिवस वेगळा विचारावा.

मापात घोटाळे इथे होतात : ‘वाटी’ कुणाची १०० मिलिलिटरची, कुणाची २५० ची. टेबलावर दोन-तीन आकाराच्या वाट्या, एक डाव, एक लहान चमचा आणि एक ताटली ठेवली की “यातली कुठली?” एवढंच विचारावं लागतं. दुसरा घोटाळा भाकरीचा. ‘पोळी सोडा, भाकरी खा’ हे ऐकून लोक तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या खातात. घडीच्या लहान पोळीला किंवा फुलक्याला २५ ते ३० ग्रॅम पीठ लागतं. मध्यम ज्वारीच्या भाकरीला ५० ते ६०, आणि हातावर थापलेली मोठी भाकरी त्याहूनही वर जाते. पीठ गव्हाचं असो वा ज्वारीचं, १०० ग्रॅममागे कर्बोदकं सत्तर ग्रॅमच्या आसपासच असतात. भाकरी चांगलीच आहे, तंतूही मिळतात. मात्र तीन फुलक्यांच्या जागी साधारण दीड भाकरी असा हिशेब द्यावा लागतो.

तेल आणि मीठ माणसाला विचारून कळत नाही, वाण्याच्या यादीवरून कळतं. चार माणसांच्या घरात महिन्याला ६ लिटर तेल येत असेल तर लिटरला ९१५ ग्रॅम धरून माणशी रोजचं सुमारे ४५ ग्रॅम होतं, आणि बाहेरचे वडे-भजी त्याच्या वर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० उष्मांकांच्या नमुना आहारात तेल-तूप सुमारे २७ ग्रॅम आहे. मिठाचंही तसंच. चार माणसांत महिन्याला एक किलोची पिशवी संपत असेल तर माणशी रोज ८ ग्रॅमच्या थोडं वर, मर्यादा ५ ग्रॅम, आणि पापड, लोणचं, फरसाण, बिस्किटं यांतलं मीठ निराळं. हा हिशेब कागदावर रुग्णाकडूनच करून घ्यावा. स्वतः भागाकार करून आलेला आकडा माणूस सहसा नाकारत नाही.

उपास विचारायला विसरू नये. आठवड्याचे दोन वार, एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र असं मिळून कुणाकुणाचे महिन्याला दहाएक दिवस होतात. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नाममात्र. “उपास सोडा” म्हणायचा अधिकार आपल्याला नाही, आणि ते चालणारही नाही. “उपासाला अजून काय काय चालतं तुमच्याकडे?” विचारावं. राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, दही-ताक, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, फळ, यातलं बरंच काही निघतं. घराघरांत नियम वेगळे असतात, म्हणून यादी त्यांची हवी.

माहिती द्यायची वेळ आली की

माहिती द्यायचीच असते, फक्त क्रम पाळायचा : विचारा, सांगा, विचारा. समजा मावशी म्हणाल्या, “साखर बंद केली, आता गुळाचा चहा घेते.” इथे “अहो गूळ म्हणजे साखरच!” हे तोंडावर येतं. ते गिळावं.

“साखर सोडलीत, हे सोपं नव्हतं. गुळाबद्दल तुम्ही काय ऐकलंय?”

“नैसर्गिक असतो, त्यात लोह असतं, शुगर वाढत नाही म्हणतात.”

“त्याबद्दल एक गोष्ट सांगितली तर चालेल?”

“सांगा की.”

“गूळ उसाच्याच रसाचा. थोडं लोह, खनिजं असतात हे खरं. आणि त्यातला मोठा भाग साखरेचाच, त्यामुळे रक्तात साखर चढायची ती चढतेच. तुम्हाला काय वाटतं यावर?”

दोन-तीन वाक्यांच्या वर माहिती एका वेळी देऊ नये. एका भेटीत नव्या गोष्टी तीनच्या आत. निघताना “समजलं ना?” विचारलं तर उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी म्हणावं, “मी नीट सांगितलं की नाही ते मला तपासायचंय. घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल?” त्या जे सांगतील त्यात चूक निघाली तर ती आपल्या सांगण्याची समजावी आणि वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगावं.

जेवणाच्या रचनेबद्दल सांगताना परदेशी ताटलीचं चित्र दाखवायची गरज नाही, आपलं ताट पुरतं. डावीकडे मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये पोळी किंवा भात. जागा बदलायच्या नाहीत, प्रमाण बदलायचं. डावीकडची चमचाभर कोशिंबीर वाटीभर व्हावी, आमटी-उसळ दाट आणि मोठ्या वाटीत यावी, मधला ढीग लहान व्हावा. कोकण-गोव्यातल्या माणसाला भात सोडायला सांगू नये. भाताचे तीन डाव दीडवर आणून माशाचा तुकडा आणि भाजी वाढवण्याची बोलणी करावी.

एकच गोष्ट, पण नेमकी

‘साखर कमी करा’ ही इच्छा झाली. ‘दुकानातल्या प्रत्येक चहात दोनऐवजी एक चमचा, सोमवारपासून’ ही कृती. पाच चहांत पाच चमचे वाचले, म्हणजे २० ते २५ ग्रॅम साखर आणि ८० ते १०० उष्मांक. काका बिनसाखरेचा पिऊ शकत नाहीत म्हणालेत, त्यामुळे एकदम शून्यावर न्यायचं नाही. जीभ काही आठवड्यांत सरावते, मग एकावरून अर्ध्यावर येता येतं. एका भेटीत असे एक किंवा फार तर दोन बदल. तक्त्यात एकदम बारा बदल दिले की माणूस आठवडाभर सगळे करतो आणि मग सगळे सोडतो.

मग खात्री तपासायची. शून्य ते दहा ही पट्टी तरुणांना कळते. साठीच्या पुढच्या माणसांना “सोळा आण्यांत किती आणे जमेल असं वाटतं?” विचारलं तर लगेच कळतं. समजा ते म्हणाले आठ आणे. तर “बारा का नाही?” असं विचारू नये, कारण उत्तरात सगळ्या अडचणी येतात. “चार न म्हणता आठ कशामुळे म्हणालात?” विचारलं की तो स्वतःच्या जमेच्या बाजू मोजू लागतो. त्यानंतर, “बारापर्यंत न्यायला काय लागेल?” शेवटी खात्री दहातल्या सातच्या, म्हणजे अकरा-बारा आण्यांच्या, खाली राहिली तर उद्दिष्ट लहान करावं. पाचही चहांऐवजी दुपारनंतरच्या दोनच चहांत साखर कमी करायचं ठरवावं.

उद्दिष्टाला ‘जेव्हा-तेव्हा’ची दोरी बांधली की ते टिकण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या मागून अनेकांनी तपासलंय. “जेव्हा एजंट येईल, तेव्हा मी पोऱ्याला ‘दोन कटिंग, एकात साखर कमी’ असं सांगेन.” वाक्य काकांनी मोठ्याने म्हणावं. विचित्र वाटतं, तरी म्हणावं, कारण ऐन वेळी तोंडात तेच येतं. २१ दिवसांत सवय लागते हे लोकप्रिय असलं तरी खरं नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी मोजलं तेव्हा सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यबिंदू ६६ निघाला, आणि पल्ला १८ ते २५४ असा. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. हे रुग्णाला आधीच सांगावं, म्हणजे बाविसाव्या दिवशी तो स्वतःला दोष देणार नाही.

ज्याला आजार, तो स्वयंपाक करत नाही

आपल्या घरांत आजार एकाला, स्वयंपाक दुसरीच्या हातात आणि काय शिजणार हे ठरवणारी तिसरीच असू शकते. निदान एका भेटीला स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला बोलवावं. मात्र बोलायचं रुग्णाशी. “हे ऐकतच नाहीत हो” अशी तक्रार आली की “तुम्हाला यांची काळजी वाटते” असं म्हणून धागा परत रुग्णाकडे द्यावा, “यात घरच्यांची कुठली मदत झाली तर तुम्हाला बरं वाटेल?” सूनबाईवर वेगळ्या स्वयंपाकाचं ओझं टाकणारा सल्ला पंधरवडा टिकत नाही. सगळ्यांनी खावं असेच बदल शोधावेत : फोडणीला पळीऐवजी चमच्याने मोजून तेल, आठवड्याचं तेल एका बरणीत वेगळं काढणं, भाजीत बटाट्याची भर कमी, साखरेचा डबा ओट्यावरून वरच्या फळीवर. रुग्ण बाई असेल तर आणखी एक गोष्ट विचारायची : ती जेवते केव्हा? सगळ्यांचं झाल्यावर, उरेल ते, हे बहुतेक वेळा उत्तर असतं, आणि भाजी-उसळ तोवर संपलेली असते. तिथे ‘प्रथिनं वाढवा’ म्हणण्याआधी ‘तुमची वाटी आधी वाढून बाजूला ठेवायची’ हे ठरवावं लागतं.

आग्रहाचा सरावही करून घ्यावा. “पोट भरलं” म्हटलं की यजमान आणखी जोर करतात, ते त्यांच्या प्रेमाचंच रूप आहे. उपयोगी पडतं ते असं : पहिल्या वाढीलाच “अर्धी द्या, चवीने खातो” म्हणणं. ताटातलं शेवटपर्यंत थोडं शिल्लक ठेवून सावकाश जेवणं, कारण रिकामं ताट म्हणजे वाढायचं निमंत्रण. आणि पदार्थाचं मनापासून कौतुक करणं, म्हणजे नकार माणसाला लागत नाही.

मोडलं तर

दिवाळीत मोडणारच. त्यातला धोका दोन लाडवांत नसतो, ‘मोडलंच आहे तर आता पाडव्यानंतर बघू’ या विचारात असतो. ॲलन मार्लाट यांनी व्यसनमुक्तीच्या कामात हाच सापळा ओळखला होता : एक घसरण, मग अपराधी भावना, मग सगळंच सोडणं. म्हणून सणाआधीच्या भेटीत विचारावं, “फराळातलं कशावर जीव आहे?” समजा उत्तर अनारसे. मग अनारसा सकाळच्या फराळात एक, पोळीच्या जागी, आणि ज्याचं एवढं वाटत नाही ती शंकरपाळी-शेव राहू द्यायची. पुढच्या भेटीत सुरुवात “काय जमलं?” ने करावी. न जमलेलं माणूस आपणहून सांगतो, आणि ते सांगितल्यावर आपल्या कपाळाला आठी पडली नाही तर पुढच्या वेळीही खरं सांगतो.

इथे थांबून डॉक्टरांना विचारा

काही ठिकाणी कौशल्यापेक्षा सावधपणा आधी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असताना कुणी जेवण एकदम घटवलं किंवा निरंकार उपास केला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आहारात मोठा बदल किंवा उपास ठरवण्याआधी डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचा. घाम, थरथर, धडधड, गोंधळ ही लक्षणं दिसली किंवा साखर ७० च्या खाली आली, आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे तीन-चार लहान चमचे, पाण्यातून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं, फळं, आणि बाजारातलं कमी सोडियमचं मीठ, ज्यात पोटॅशियम असतं, यावर आपण होऊन सल्ला देऊ नये. गरोदर स्त्री, झपाट्याने घटणारं वजन, खाऊन मुद्दाम उलटी करणं किंवा खाण्याची भीती वाटणं, ही सगळी पुढे पाठवायची माणसं. लहान मुलांसमोर वजनावरून एक शब्दही नको. बोलणं घराच्या जेवणाबद्दल असावं, मुलाच्या शरीराबद्दल नाही.

ओपीडीत वेळ दहाच मिनिटं असतो, हे खरं. ते असे वाटता येतात : चार मिनिटं कालचा दिवस ऐकणं आणि परत मांडणं, दोन मिनिटं माहिती, तीन मिनिटं एक कृती ठरवून तिची खात्री तपासणं, शेवटचं मिनिट गोळाबेरीज. केसपेपरवर ‘डाएट ॲडव्हाइस दिला’ असं लिहिलं तर पुढच्या भेटीत हाताशी काही राहत नाही. काकांच्या पेपरवर एवढं हवं : “दुकानात ५ चहा, माणसं सांभाळायला. वडिलांचा पाय. सोमवारपासून चहात १ चमचा साखर, पोऱ्याला सांगायचं वाक्य ठरलं. खात्री बारा आणे. गोळ्या : मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड. दर एकादशीला उपास, साबुदाणा. डोसबद्दल डॉक्टरांना विचारायचं. पुढची भेट १५ दिवसांनी, तोवर आठवड्याने एक फोन.”